पांढऱ्या मुठीवरची बोटं

१

मेलेला माणूस परत आला तर पाणी मागेल, बायकोच्या उशाशी बसेल, फार तर दार वाजवील. पण तो येऊन रिव्हॉल्व्हरची मूठ हाताला बरोबर बसते का ते बघून जातो, असं शुभदा टिळेकरने पासष्टी ओलांडली तरी कधी ऐकलं नव्हतं.

"मावशी, तू आत्ताच्या आत्ता ये," फोनवर गार्गी म्हणाली. "इतके दिवस नुसती बोटं होती. आज रक्त आहे."

गार्गी म्हणजे शुभदाच्या पुण्यातल्या शाळासोबतिणीची मुलगी. इथे परदेशात, सेंगकांग उपनगरात, दोघींचे फ्लॅट शेजारशेजारच्या ब्लॉकमध्ये होते. मार्चमध्ये गार्गीचा नवरा निशिकांत स्टुडिओच्या जिन्यातच कोसळला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून पोरीचं खाणं सुटलं होतं. आणि गेले काही दिवस तर सकाळी उजाडायच्या आत ती स्टुडिओत धावत जायची, दिवसभर कॉफीवर काढायची आणि संध्याकाळी बरोबर सहाला निघायची. शुभदाने डबे पाठवून पाहिले, रागावून पाहिलं. डबे जसेच्या तसे परत आले.

शुभदा एमआरटीच्या मेट्रोतून तांजोंग पगारला उतरली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, पण उजेड मात्र कंदिलासारखा पिवळट होता. सुमात्राची जंगलं पेटली होती आणि त्यांचा धूर शहरावर बसला होता. माणसं मास्क लावून मुकाट चालत होती. त्यात चिनी लोकांचा भुतांचा महिना. फुटपाथच्या कडेला कुणीतरी पितरांसाठी कागदी कपडे जाळत होतं आणि त्या राखेचे पापुद्रे तिच्या खांद्यावर येऊन बसले. 'म्हणजे आज इथे भुतांनाच काय ती गर्दी,' ती स्वतःशी पुटपुटली. विनोद जमला नाही.

स्टुडिओ एका जुन्या शॉपहाउसच्या माडीवर होता. खाली नवरीच्या कपड्यांचं दुकान. काचेत पांढरे गाउन घातलेले, मुंडकी नसलेले पुतळे उभे होते. त्यांच्याकडे न बघता शुभदा जिना चढली.

वर याहून वाईट होतं. भिंतभर शेल्फवर हात होते, प्लॅस्टरचे, मनगटापासून तुटलेले, पांढरे. गेली तीस वर्षं तिने इथल्या हॉस्पिटलात हातांवरच उपचार केले होते. भाजलेले, चिरडलेले, शिवून परत जोडलेले हात तिने बोट धरून चालायला शिकवले होते. तरी एकदम एवढे हात समोर आले की अंगावर काटा येतोच.

हे हात होते पहारेकऱ्यांचे. हार्बरफ्रंटच्या फेरी टर्मिनलकडे मौल्यवान मालासोबत साध्या वेशात जाणाऱ्या सशस्त्र पहारेकऱ्यांची एक कंपनी होती. जॅकेटखाली राहील असं छोटं रिव्हॉल्व्हर त्यांच्या कमरेला असे. त्यात आता बायकाही बऱ्याच होत्या आणि त्या मुठीने हात दुखतो अशी त्यांची तक्रार होती. सगळ्यांना सोसवेल अशी मूठ निवडून द्यायचं काम निशिकांतने घेतलं होतं. खरं हत्यार कंपनीच्या शस्त्रागाराबाहेर येत नाही. स्टुडिओत होतं ते निळ्या रबराचं, वजनाने खऱ्यासारखं, गोळी न उडणारं सोंग. त्याचीसुद्धा रीतसर परवानगी काढलेली होती.

ते निळं रिव्हॉल्व्हर मधल्या टेबलावर स्टँडला बसवलेलं होतं. त्याच्या मुठीवर पांढऱ्या प्लॅस्टिकचं कवच होतं. शुभदाला ते प्लॅस्टिक ओळखीचं. गरम पाण्यात टाकलं की कणकेसारखं मऊ होतं, गार झालं की कडक. तिने आयुष्यभर त्याच्याच पट्ट्या रोग्यांच्या हाताला बांधल्या होत्या. मऊ असताना मुठीत धरलं की पकड जशीच्या तशी त्यात उमटते.

"काल संध्याकाळी मी कोरं कवच लावून गेले," गार्गी म्हणाली. डोळ्यांखाली काळं झालेलं, गळ्याची हाडं वर आलेली. "रोज कोरंच लावते. आणि रोज सकाळी हे."

शुभदाने चष्मा लावला. कवचावर चार बोटांच्या खोल खुणा होत्या. तर्जनी लांब, सरळ. मधलं बोट लांब. करंगळी नीट खाली वळलेली. आणि त्यांच्यामध्ये अनामिका अर्धवट. वरचं पेरच नाही.

निशिकांतच्या उजव्या अनामिकेचं वरचं पेर कॉलेजात असताना करवतीत गेलं होतं.

त्या आखूड बोटाच्या खळग्यात, तळाशी, लालभडक डाग होता.

"त्याचा हात तर तुम्ही साच्यात घेतला होता ना?" शुभदाने विचारलं. "शेल्फवर असायचा. कोपऱ्यात."

गार्गीने मान वळवली. कोपऱ्यात धुळीत एक गोल, स्वच्छ जागा उरली होती. हात नव्हता.

२

"सरळ आहे हो, शुभदाताई," सौमित्र म्हणाला. "कुणीतरी तो प्लॅस्टरचा हात उचलला आणि मऊ कवचावर दाबला. भूतबित काही नाही."

सौमित्र वागळे निशिकांतचा भागीदार. इंजिनिअर, बोलणं नीटनेटकं, बाह्या दुमडलेल्या. बायको-मुलं मुंबईत. स्वतःचं जेवण रांधायचं, स्वतःचे कपडे धुवायचे आणि त्याचा थोडा अभिमानही बाळगायचा, असा त्याचा खाक्या होता.

"मग शोधून काढा की. कॅमेरा लावा."

"मी पहिल्याच दिवशी म्हणालो. गार्गी नको म्हणाली. म्हणे, तो लाजेल." त्याने आवाज खाली आणला. "खरं सांगू? मला तिची काळजी वाटते. शुक्रवारी कंपनीचा माणूस येतोय. मूठ ठरवून रिपोर्टवर सही करायची आहे. ही म्हणते, निशिकांत सांगेल तीच मूठ."

"आणि निशिकांत काय सांगतोय?"

सौमित्रने दोन मुठी पुढे ठेवल्या. एक अक्रोडाच्या लाकडाची. सडपातळ, देखणी, तेलाने चमकणारी. दुसरी काळ्या रबराची. जाड, लांब, पाठीमागूनही सगळं झाकणारी. दिसायला अगदी भोपळी मिरची.

शुभदाने लाकडाची हातात घेतली. तिचा हात लहान. करंगळी मुठीच्या खाली अधांतरी राहिली आणि अंगठ्याच्या बेचक्यात पोलादाची कड रुतली. रबराची घेतली. करंगळीला जागा मिळाली आणि कड गायब.

"रबर जॅकेटच्या अस्तराला अडकतं," सौमित्र लगेच म्हणाला. "हत्यार बाहेर काढताना अर्धा क्षण जातो. शिवाय फुगवटा दिसतो. लाकडाची छान लपते. हाताला थोडी टोचते, पण सरावाने सवय होते. रिपोर्टात मी तसंच लिहिलंय."

"आणि ठसे कुठल्या मुठीवर उमटतात?"

"जाड मुठीवर. रबराच्या मापाच्या. रोज."

शुभदाने ते कवच सोडवून खिडकीशी नेलं. बाहेरच्या धुरकट उजेडात ती तो ठसा बराच वेळ न्याहाळत राहिली. बोटाच्या टोकाने एकेक खळगा चाचपला. आंधळ्याने ओळखीचा चेहरा चाचपावा तशी.

प्लॅस्टरचा हात दाबला तर सगळीकडे सारखाच रुतेल. इथे तसं नव्हतं. मधल्या बोटाचा खळगा सगळ्यात खोल होता. बोटांचे गर मुठीवर दबून पसरले होते. अंगठ्याच्या मुळाशी तळव्याचा मांसल उंचवटा फुगून कवचाबाहेर रेलला होता. चामडीच्या बारीक रेषा होत्या. आवळताना हात जसा भरतो तसा हा हात भरला होता.

तिने हळूच कवच टेबलावर ठेवलं.

"सौमित्र," ती म्हणाली, "हा प्लॅस्टरचा हात नाही. हा जिवंत माणसाचा आहे."

३

दुपारी शुभदा मधुवंतीला घेऊन जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, जेवायला गेली. मधुवंती स्टुडिओतली सगळ्यात नवी. पुण्याची, पंचविशीची, एम्प्लॉयमेंट पासवर. पास स्टुडिओने काढलेला, म्हणजे नोकरी गेली की बॅग भरायची. तिने समोरच्या नूडल्सना हात लावला नव्हता आणि सारखी फोन उलटा-सुलटा करत होती.

"घाबरलीस?"

"काकू, घाबरणार नाही का? सकाळी मॅडम त्या ठशात स्वतःची बोटं घालून बसल्या होत्या. डोळे मिटून. मी दारातच थिजले." तिने ओठ दाबले. "रक्त बघितल्यावर किंचाळल्या. मला वाटलं पडतात."

"तुला कुठली मूठ बरी वाटते?"

मुलगी एकदम सरळ बसली. "रबराची! काकू, मी चाचणीला होते ना. एक मलय मुलगी होती पहारेकरी, माझ्याएवढीच. लाकडाच्या मुठीने गोळ्या झाडून झाल्यावर तिने हात मागे लपवला. मी बघितला तर इथे," तिने अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी दाखवली, "कातडी सोललेली. म्हणाली, बोलू नकोस, बॉसला वाटेल मला जमत नाही. आणि त्यांना अस्तर अडकायची भीती असेल तर अस्तर बदला की. हात कसे बदलणार?"

"हे सांगितलंस सौमित्रला?"

"सांगितलं. म्हणाले, सवय होईल. निशिकांतसरांनी रबराचीच ठरवली होती, तेही सांगितलं. तर म्हणाले, कुठे लिहिलंय का? तू येऊन वर्ष नाही झालं." ती कडवट हसली. "सर कुठे काही लिहायचे! हातात धरायचे आणि म्हणायचे, हं, ही."

बोलता बोलता तिचा काटा निसटला आणि रस्सा बाहीवर उडाला. पांढऱ्या बाहीवर पिवळा डाग. तिने टिश्यूने तो आणखी पसरवला. "जाऊ दे. लाँड्रीवाला बघेल. आमच्या घरीसुद्धा कपडे बाई धुवायच्या, मला यातलं काही कळत नाही."

"तू आणि निशिकांत बरेच वेळ दोघंच असायचात का स्टुडिओत?"

"नाही हो. एकदाच. मागच्या खंडेनवमीला. मॅडम आणि मनोहरकाका नवरात्रासाठी पुण्याला होते, सौमित्रसर कारखान्याच्या कामाला बाटम बेटावर. सर म्हणाले, आज हत्यारांची पूजा. आणि काकू, कुंकवाची पुडीच आणायची विसरले! मग वाटीत हळद भिजवली आणि कॅलिपर, करवत, ते निळं रिव्हॉल्व्हर, सगळ्यांना नुसती हळदीची बोटं. इतके हसलो आम्ही." तिचा आवाज ओला झाला. "मग पूजा झाल्या झाल्या लगेच कामाला बसले. असे होते."

शुभदा तिच्याकडे बघत राहिली. ताटलीच्या कडेला पिळायला दिलेलं छोटं हिरवं लिंबू तिने तसंच ठेवलं होतं. ते शुभदाने टिश्यूत गुंडाळलं आणि पर्समध्ये टाकलं.

"ते कशाला?" मधुवंतीने विचारलं.

"म्हातारपणी पित्त होतं गं," शुभदा म्हणाली. तिला आयुष्यात कधी पित्त झालं नव्हतं.

४

सेंगकांगला गार्गीच्या फ्लॅटचं दार उघडंच होतं. बाहेरची जाळी नुसती लोटलेली. निशिकांतचे वडील मनोहरराव खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. मांडीवर शाल. एवढ्या उकाड्यात शाल बघून शुभदाला चमत्कारिक वाटलं.

"या, शुभदाताई. धुरातून आलात. बसा."

"झोपला होतात का?"

"झोप कुठली."

ती समोर बसली. त्यांचा डावा हात खुर्चीच्या हातावर होता. उजवा शालीवर. दोन्ही म्हातारे, शिरा उठलेले, सारखे कापणारे. निशिकांतची स्टुडिओची किल्ली कुणाकडे आहे ते ती विचारणार होती. तेवढ्यात शाल जरा सरकली.

शालीखाली आणखी एक हात होता. पांढरा, न कापणारा, मनोहररावांच्या मांडीवर पालथा पडलेला.

मनोहररावांनी तिची नजर पाहिली आणि शाल घाईने ओढली. मग ओढायचं सोडून दिलं.

"मीच आणला," ते म्हणाले. "परवा गार्गीला काही कळू न देता गेलो. त्याची किल्ली आहे माझ्याकडे. दुपारी जरा धरून बसतो. लहान असताना रस्ता ओलांडताना धरायचो, मग कधी धरलाच नाही. मोठ्या मुलाचा हात कोण धरतं?"

शुभदाचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत.

"मनोहरराव, एक विचारते, राग मानू नका. स्टुडिओत मुठीवर ठसे उमटतायत, ते..."

"अहो, माझ्या हाती त्याचा हात लागला तर मी तो धरीन," म्हातारा उसळून म्हणाला. "ठसे कशाला उमटवत बसू?"

उठता उठता तिने आणखी एक विचारलं. निशिकांत घरी पूजाअर्चा करायचा का?

"छे! देवाला हात जोडायला बोलवावं लागे. पूजा मीच करतो. तो वर्षातून एकदाच हळदीत बोट घालायचा, खंडेनवमीला. म्हणायचा, बाबा, तुमचे देव तुम्ही सांभाळा, माझी हत्यारं मी सांभाळतो."

लिफ्टमध्ये शुभदा एकटीच होती. आरशात तिचा चेहरा तिलाच अनोळखी वाटला. जिवंत माणसाचा ठसा, आणि त्या हाताचा माणूस मार्चमध्येच मंडाईच्या दहनगृहात राख झालेला. दोन्ही खरं होतं. दोन्ही एकदम खरं असायला एकच वाट होती, आणि त्या वाटेच्या टोकाला कोण उभं आहे ते तिला आता दिसायला लागलं होतं. तिला ते बघायचं नव्हतं.

५

शुक्रवारी कंपनीचा माणूस येण्याआधी शुभदाने सगळ्यांना स्टुडिओत बसवलं. मनोहररावही आले. धूर इतका दाट झाला होता की समोरची इमारत दिसत नव्हती. शेल्फवरचे हात त्या पिवळ्या उजेडात हाडांसारखे वाटत होते. टेबलावर शेवटची तीन कवचं मांडलेली, तिन्हींवर तीच चार बोटं. पहिल्या दोन्हींत आखूड बोटाच्या खळग्यात मातकट पिवळा मळ होता. तिसऱ्यात लाल.

"एक साधा प्रश्न," शुभदा म्हणाली. "हळदीचा डाग साबणाने धुतला तर काय होतं?"

सौमित्र हसला. "हे काय विचारणं झालं? लाल होतो. माझे दोन शर्ट गेलेत."

"लाल," मनोहरराव म्हणाले. "निशिकांतची आई ओरडायची. आधी लिंबू लाव, मग साबण."

गार्गीनेही होकारार्थी मान हलवली; ती टेबलाकडे बघत होती.

"मधुवंती?"

"जातो ना?" मधुवंती म्हणाली. आणि मग सगळ्यांचे चेहरे बघून तिने आपली बाही मुठीत धरली. रश्शाचा डाग पडलेला तोच शर्ट होता. बाहीवर आता विटकरी, लालसर ठिपका होता.

शुभदाने पर्समधून लिंबू काढलं. वाळून आक्रसलं होतं, पण रस होता. तिसऱ्या कवचावर तिने ते पिळलं. लाल डागावर थेंब पडला, पसरला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रक्त फिकटलं, केशरी झालं, पिवळं झालं.

मनोहररावांनी हात जोडले. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"हे रक्त नाही, हळद आहे," शुभदा म्हणाली. "आणि ती ठशाच्या वर नाही, आत आहे. कवच मऊ असताना, मूठ आवळतानाच बोटाला हळद होती. तीही फक्त अनामिकेला. आपण हळद अनामिकेनेच लावतो. ठसा जिवंत हाताचा, आखूड बोट निशिकांतचं, म्हणजे तो जिवंत असतानाच उमटलाय. आणि निशिकांतच्या बोटाला हळद वर्षातून एकदाच लागायची. हे ठसे आत्ताचे नाहीत. ते गेल्या खंडेनवमीचे आहेत. कुणीतरी जपून ठेवलेल्यातून एकेक काढतंय आणि कोऱ्या कवचाच्या जागी बसवतंय."

"म्हणजे कुणीही..." सौमित्रने सुरुवात केली.

"तू स्वतःच्या लाकडाच्या मुठीविरुद्ध भुताला उभं केलं नसतंस. मनोहररावांचा हात एवढा कापतो की कवचाचा बारीक स्क्रू त्यांना बसवता येणार नाही, आणि त्यांना हवा होता तो हात त्यांनी सरळ घरी नेला. त्या दिवशी इथे निशिकांतबरोबर एकच माणूस होतं. तेच माणूस रबराच्या मुठीसाठी भांडत होतं. आणि तिसरं कवच फार धुळकटलेलं दिसलं म्हणून त्याने ते साबणाने घासलं, कारण हळद साबणाने लाल होते हे या खोलीत त्या एकालाच ठाऊक नव्हतं."

मधुवंती उभी राहिली.

"मला रक्त नव्हतं करायचं," ती म्हणाली. "शप्पथ. अंधारात घाईघाईने बसवलं, रंग बघितलाच नाही. सकाळी मॅडम किंचाळल्या तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. मला वाटलं, खरंच सर आले. माझ्यावर रागावले." ती रडायला लागली. "त्यांनी त्या दिवशी ही जाड मूठ धरली आणि म्हणाले, मधू, हीच. पुन्हा पुन्हा धरून बघितली. मी ते सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नाही. मी जिवंत बोलत होते, माझं कुणी ऐकलं नाही. म्हटलं, त्यांचं तरी ऐकतील."

खाली रस्त्यावर कुणीतरी काहीतरी जाळत होतं, त्याचा वास येत होता.

सौमित्र खुर्चीत खचून बसला. त्याने ती तीन कवचं एकेक करून हातात घेतली, त्या जाड मापावर उमटलेली आपल्या मित्राची पकड पाहिली. भुताचं सोंग खोटं निघालं, पण साक्ष खरी होती, आणि ती ओळखायला त्याच्याइतकं दुसरं कोण होतं? शुभदाला त्याचा राग आला होता, तो तिथेच ओसरला.

"मला वाटलं, सुबक काम झालं तर त्याचं नाव राहील," तो म्हणाला.

गार्गी उठली. ती मधुवंतीसमोर जाऊन उभी राहिली, आणि शुभदाला वाटलं, आता थोबाडीत देणार. दिलीच असती तर कुणी अडवलं नसतं.

"त्या मुलीचा सोललेला हात तू स्वतः बघितलास?" गार्गीने विचारलं.

मधुवंतीने होकारार्थी मान डोलावली.

"मग रिपोर्ट तू लिही. आत्ता. कातडी सोलली ते लिही, रबर अस्तराला अडकतं तेही लिही, आणि अस्तर बदला असं लिही. खाली निशिकांतचं नाव घालायचं नाही, माझंही नाही. तुझी सही." तिने लॅपटॉप मधुवंतीपुढे सरकवला. "पुन्हा माझ्या नवऱ्याच्या हाताने बोललीस तर त्याच दिवशी तुझा पास रद्द करून घेईन."

मधुवंतीने लॅपटॉप उघडला. पहिल्याच ओळीत तिने त्या मलय मुलीच्या हाताचं लिहिलं.

६

परतीच्या एलआरटीच्या छोट्या गाडीत शुभदा आणि गार्गी शेजारी बसल्या होत्या. मनोहरराव पलीकडच्या बाकावर डुलक्या घेत होते, प्लॅस्टरच्या हाताची पिशवी छातीशी धरून. सेंगकांगचे ब्लॉक धुरातून एकेक करून बाहेर येत होते आणि परत जात होते.

"सुटलीस बाई," शुभदा म्हणाली. "आज माझ्याकडे जेवायला ये. मुगाची खिचडी टाकते."

गार्गीने पलीकडे झोपलेल्या सासऱ्यांकडे एकदा पाहिलं.

"मावशी, भूत नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

शुभदाने तिच्याकडे वळून पाहिलं.

"तो गेल्यावर खालच्या खणात एक डबा सापडला होता मला. झाकण जरा उचललं, आत त्याचीच बोटं दिसली. मी झाकण लावून टाकलं. पुढे उघडायची हिंमत झाली नाही." गार्गी हळू बोलत होती, पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून. "मग एके सकाळी त्यातलं एक टेबलावर आलं. मला कळलं, कुणीतरी डबा उघडलाय. कोण ते विचारलं असतं तर थांबलं असतं ना ते? म्हणून कॅमेरा नको म्हटलं. सहाला निघून जायचे, म्हणजे त्या माणसाला वेळ मिळेल. सकाळी येऊन त्याच्या बोटांत बोटं घालून बसायचे. ते लाल दिसलं तेव्हा मात्र घाबरले, कारण भूत नव्हतं हे मला माहीत होतं. म्हटलं, मग हे रक्त कुणाचं?"

शुभदाला आपली सगळी हुशारी एकाएकी फार वाईट वाटायला लागली. लिंबू, हळद, साबण. नवऱ्याच्या बोटांत बोटं घालून काढलेल्या एका बाईच्या सकाळी तिने भर दुपारी उलगडून टाकल्या होत्या.

"मावशी."

"काय गं?"

"उद्या सकाळी टेबलावर काही नसेल ना?"

"नसेल," शुभदा म्हणाली.

गार्गीने मान हलवली. स्टेशन आलं तशी ती उठली आणि सासऱ्यांना उठवायला पलीकडे गेली. त्यांची पिशवी तिने काखेला मारली, त्यांचा कापणारा हात आपल्या हातात घेतला आणि दार उघडायची वाट बघत उभी राहिली.

"खिचडीत लसूण जास्त घाल," ती मागे वळून म्हणाली. "बाबांना आवडतो."